दुर्बिणीशिवाय सातवीच्या मुलांना आकाश कसे शिकवावे?

प्रश्न

मी नागपुरातील एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. तारकासमूहांची नावे मुले पाठ म्हणून दाखवतात, परंतु रात्री गच्चीवर नेल्यास एकाही ताऱ्याकडे बोट दाखवता येत नाही, हे मला मनापासून खटकते. गेल्या वर्षी आम्ही दुर्बीण मागवली होती. चाळीस मुलांची रांग, प्रत्येकाला अर्धे मिनिट, आणि गुरू सतत सरकत असल्याने अनेकांना नळीतून नुसता काळोखच दिसला. यंदा डिसेंबरमध्ये, शहराच्या उजेडात, मुलांच्या हातून प्रत्यक्ष काय करून घेता येईल?

निवृत्त भूगोल शिक्षक

मॅडम, आधी मुलांना मुठीने मोजायला शिकवावे. हात सरळ ताणून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश व्यापते. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर सापडतो, आणि नकाशातील अक्षांश आपल्याच हाताने मोजता आला हे लक्षात येताच मुले पुन्हा पुन्हा मोजू लागतात. मात्र डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा उत्तरेला उंच दिसणाऱ्या शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधावा.

दिवसाही काम आहे. मैदानात काठी उभी रोवून सर्वांत आखूड सावली कधी पडते ते टिपायला सांगावे. डिसेंबरच्या अखेरीस ती वेळ १२ न येता सुमारे १२ वाजून १४ मिनिटे येते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला, ७९ अंशांच्या आसपास आहे. हे आधी सांगू नये. फरक मुलांनाच सापडू द्यावा.

हौशी आकाशनिरीक्षक

सरांच्या म्हणण्यात मी मृगाची भर घालतो, कारण विदर्भातील मुलांना मृग आकाशातून नव्हे, तर पेरणीमुळे ठाऊक असतो. एका मुलाने मला विचारले होते, "मृग तर जूनमध्ये लागतो, मग आता थंडीत कसा दिसतो?" याहून चांगला प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही. मृग लागतो तेव्हा सूर्य आकाशाच्या त्याच भागात असतो, म्हणून तो दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर तोच मृग संध्याकाळी पूर्वेला उगवतो. मी खोलीच्या मध्यभागी दिवा ठेवला, एका भिंतीवर मृगाचे चित्र लावले आणि त्या मुलाला दिव्याभोवती फिरवले. अर्धी फेरी होताच तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "आता दिवा पाठीमागे आहे."

मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे शहरातूनही स्पष्ट दिसतात. तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य या मृगातील दोन ताऱ्यांच्या रंगांवरून ताऱ्यांच्या तापमानाकडे वळता येते. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधावा आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस मिनिटे द्यावीत.

एक पालक

शक्य झाल्यास अमावास्येच्या सुमारास पेंच व्याघ्र प्रकल्पात एक मुक्काम करावा. २०२४ मध्ये तो प्रकल्प भारतातील पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र, ठरला. पण शहरातील सराव आधी हवा, नाहीतर तारे इतके दिसतात की मुलांना ओळखीचा मृगही सापडत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या आठवड्यात मुले मृगाचा बाण पाण्याच्या टाकीच्या कडेवर नेमका किती वाजता येतो ते वहीत लिहितील. पुढील आठवड्यात तो सुमारे २८ मिनिटे आधी येईल, हे मी त्यांना सांगणार नाही.