मेरिदाला आईबाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसला राहतो. जानेवारीत आईबाबांना (वय ७१ आणि ७४) घेऊन मेक्सिकोतल्या मेरिदाला सहा दिवस जायचा विचार आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे उन्हाने जीव नकोसा होतो, म्हणून जानेवारी.

बाबा इतिहासाचे वेडे. १५४२ मध्ये स्पॅनिश लोकांनी तिहो या जुन्या माया नगरीवर हे शहर वसवलं आणि तिथल्याच इमारतींचे दगड काढून कॅथेड्रल बांधलं, हे वाचल्यापासून त्यांना ते दगड हात लावून बघायचेत. कासा दे मोंतेहो या तिथल्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर माणसांच्या मुंडक्यांवर पाय देऊन उभे असलेले शिपाई कोरलेत, त्याचा फोटो त्यांनी मला तीनदा पाठवलाय!

पहिली अडचण आईच्या गुडघ्यांची. उश्माल आणि चिचेन इत्झा हे माया नगरींचे दोन्ही अवशेष करावेत, की फक्त उश्माल निवांत बघावं? ते जवळ आहे, साधारण ८० किलोमीटर, म्हणून माझा कल तिकडे आहे. सेनोतेत (चुनखडी खचून झालेल्या नैसर्गिक पाण्याच्या डोहात) उतरायला धड पायऱ्या आणि कठडा असलेली एखादी जागा कुणी पाहिली आहे का?

दुसरी, आणि खरी काळजी जेवणाची. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. म्हणजे पापाद्झुलेस (उकडलेलं अंडं भरलेल्या टॉर्टिया) बाद. घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी घालतात म्हणे. भोपळ्याच्या बियांची सिकिल पाक नावाची चटणी तिला चालेल, पण सहा दिवस चटणी-टॉर्टियावर कसे काढणार? स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं का? सेंत्रोत (जुन्या शहराच्या मध्यभागी) की पासेओ दे मोंतेहो या मोठ्या रस्त्याजवळ?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.