मदत हवी आहे: वूफर वाजला की हेडलाईट मंद होतात. आधी वायर, बॅटरी की आल्टरनेटर?

नमस्कार मंडळी,

गाडी 2014 ची, 1.3 लिटर डिझेल हॅचबॅक. पुणे-कोल्हापूर येणंजाणं बरंच असतं आणि गाडीत गाणं नीट ऐकायची हौस जुनी आहे. डिझेलची घरघर आणि टायरचा आवाज नेमका खालच्या पट्टीतला, त्यामुळे हायवेवर डग्गा, पखवाज, ढोल सगळं त्यात बुडून जातं. आवाज वाढवला तर झांजा कानात टोचतात, डग्गा तरी येतच नाही. म्हणून 12 इंची वूफर घेतला, त्याला क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) मोनो ॲम्प, म्हणजे एका चॅनलचा ॲम्प्लिफायर (2 ओहमला 800 वॅट आरएमएस, म्हणजे सलग ताकद). दारातल्या स्पीकरना 4 चॅनलचा क्लास एबी (जास्त वीज खाणारा) ॲम्प, चॅनलमागे 60 वॅट.

दिवसा, रिकाम्या रस्त्यावर सुरेख वाजतं. रात्री सिग्नलला थांबलो की मात्र प्रत्येक ठोक्याला हेडलाईट आणि डॅशबोर्ड दोन्ही मंद होतात, आणि वूफरचा आवाज फाटल्यासारखा येतो. मला काळजी त्या फाटण्याचीच आहे. व्होल्टेज पडून ॲम्प क्लिप व्हायला (आवाजाच्या लाटेची टोकं कापायला) लागला की वूफरची कॉइल तापते आणि शेवटी जळते.

सल्ले तीन मिळाले. ॲक्सेसरीजच्या दुकानात सांगितलं, 2 फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून क्षणभर देणारा) लावा. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणाला, डिकीत दुसरी बॅटरी टाकू. एका मित्राचं म्हणणं, मोठ्या गाडीचा आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) बसव, नाहीतर सगळं फुकट.

पैसे घालण्याआधी मल्टिमीटर घेऊन बसलो. गाण्यावर आकडा स्थिर राहत नाही, म्हणून 50 हर्ट्झचा सलग टोन मोठ्या आवाजात थोडा थोडा वेळच लावला. इंजिन चालू आणि सगळं बंद असताना बॅटरीवर 14.2 व्होल्ट. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) एसी, हेडलाईट आणि टोन चालू केला की बॅटरीवर 12.4, आणि त्याच वेळी ॲम्पच्या टर्मिनलवर 11.4. एसी-हेडलाईट बंद करून 2000 आरपीएमला बॅटरीवर 13.5, ॲम्पवर 12.5. म्हणजे बॅटरी ते ॲम्प या वाटेत दोन्ही वेळा पूर्ण 1 व्होल्ट हरवतोय.

तो कुठे जातो तेही पाहिलं. बॅटरीचा प्लस ते ॲम्पचा प्लस: 0.6 व्होल्ट. ॲम्पचा मायनस ते बॅटरीचा मायनस: 0.4. वायर 4 गेजची आहे, सुमारे 5 मीटर. टोक सोलून ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरी निघाली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम.

आल्टरनेटरच्या पट्टीवर 90 अँपिअर लिहिलंय. माझा हिशोब असा: मोनो ॲम्प पूर्ण ताकदीने, 80 टक्के कार्यक्षमता धरली तर 1000 वॅट ओढेल, म्हणजे 13.5 व्होल्टला साधारण 74 अँपिअर. दुसरा ॲम्प क्लास एबी, त्याचे 30 धरा. झाले 104. गाडीचं स्वतःचं एसीसकट 35-40 असेलच. कागदावर बेरीज 90 च्या बाहेर जाते. पण गाण्यात सलग पूर्ण ताकद लागत नाही, सरासरी तिसरा हिस्सा धरला तर 35 च्या आसपास. मग 90 पुरायला हवा, नाही का?

प्रश्न एवढाच की क्रम कोणता लावू? आणि एक गोष्ट खटकतेय: बसवणाऱ्याने मेन फ्यूज डिकीत, ॲम्पजवळ लावलाय. ते चालतं का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. तुमची 5 मीटर वायर आत्ता फ्यूजशिवाय इंजिनच्या बाजूने पत्र्यातून आत येतेय. कुठे घासून साल निघालं की बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट, आणि मध्ये तोडणारं काही नाही. वायर लालबुंद होऊन गाडी पेटते. फ्यूज पुढे येईपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढूनच ठेवा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी रिंग) आहे का तेही हात घालून बघा.

आता क्रम. तुम्ही मोजमाप इतकं नीट केलंय की उत्तर त्यातच आहे. 1 व्होल्ट वाटेत जातोय, तो ना कपॅसिटर परत देणार, ना बॅटरी, ना आल्टरनेटर. तुमच्या ॲम्पचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज पडलं तरी ताकद टिकवणारा, नसेल (बहुतेकांचा नसतो), तर ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरते. 13.5 च्या जागी 11.4 मिळाले की सुमारे 29 टक्के ताकद गेली.

अर्थिंगपासून (ॲम्पचा मायनस बॉडीला जोडणारी वायर) सुरू करा. हाताएवढ्या वायरवर 0.4 व्होल्ट पडणं म्हणजे खाली रंग राहिलाय किंवा बोल्ट सैल आहे. सीटबेल्टचा बोल्ट वापरला असेल तर तो सोडा. जाड पत्र्यावर वेगळी जागा घ्या, चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) नीट दाबून बसवा, वरून ग्रीस लावा. 0.1 च्या खाली यायला हवं.

मग प्लसची वायर. महागडे किट घेऊ नका. वेल्डिंगची शुद्ध तांब्याची केबल चौरस मिलिमीटरवर मिळते, 35 किंवा 50 ची घ्या. 100 अँपिअरला 5 मीटरवर 35 मध्ये पाव व्होल्ट पडेल, 50 मध्ये त्याहून कमी. तिचं रबर तेलाला आणि उष्णतेला तितकं टिकत नाही, म्हणून वरून कोरुगेटेड पाईप घाला आणि टर्बो-सायलेन्सरपासून लांब न्या. 35 ला 150 अँपिअरचा एएनएल (मोठ्या करंटचा पट्टीवाला) फ्यूज ठीक.

तिसरं, पुढच्या तीन वायरी: आल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. जुन्या काढू नका, त्यांना समांतर जाड टाका. आल्टरनेटरच्या नव्या वायरलाही फ्यूज हवा.

कपॅसिटरचं गणित करून बघा. 1 फॅरड, 14.4 वरून 12 व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे 32 ज्यूल देतो. तुमचा मोनो ॲम्प 1000 वॅट ओढतो. सेकंदाचा तिसावा भाग, संपलं. 2 फॅरड घ्या, पंधरावा भाग. मग त्याला पुन्हा भरायचं कुणी? त्याच आल्टरनेटरने.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. दुसऱ्या बॅटरीबद्दल थोडं: इंजिन बंद ठेवून तासभर वाजवायचं असेल तर तिचा उपयोग. चालत्या गाडीत ती एक जास्तीचं तोंड होते, कारण खायला घालणारा तोच 90 चा आल्टरनेटर. तरीही टाकायची तर एजीएमच (सीलबंद, पाणी न लागणारी) टाका. पाणी भरायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती बंद डिकीत माणसांच्या पाठीमागे ठेवायची वस्तू नाही.

आल्टरनेटर आयडलिंगला पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो, तापल्यावर अजून कमी. म्हणून तुमचं दुखणं सिग्नललाच दिसतं. वायरी बदलल्यावर ते कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. सिग्नलला आवाज उतरवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि रात्री वस्तीत तसंही उतरवायलाच हवा. मोठ्या गाडीचा आल्टरनेटर बसवायचा तर पुली, ब्रॅकेट, रेग्युलेटरचा प्लग सगळं जुळावं लागतं, वर पट्टा घसरायला लागतो तो वेगळाच ताप. ते अगदी शेवटी.

नवीन गाडीवाले वाचत असतील त्यांच्यासाठी: बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असेल तर जादा अर्थिंग टर्मिनलवर जोडू नका, बॉडीवर जोडा. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंग चुकतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. वायर बॅटरीवरून काढून ठेवली आहे. ग्रोमेट नव्हतंच, पत्र्याच्या कडेला वायरचं साल अर्धं कापलेलं निघालं. अर्थिंग खोललं तर थिंबलखाली रंग तसाच.

केबल 35 ची घेतोय, तपकीर गल्लीत चौकशी केली, मिळतेय. पण इतक्या जाड केबलला थिंबल हातोडीने ठोकून बसवायची माझी तयारी नाही. पुण्यात कुणाकडे हायड्रॉलिक क्रिंपर (थिंबल दाबायचं यंत्र) आहे का, किंवा माझ्यासमोर दाबून देईल असा पॅनेल वायरिंगवाला? भोसरी-चिंचवडलाही येईन. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा) असेल तर दुधात साखर, म्हणजे 74 चा अंदाज खरा किती तेही इथे टाकता येईल.