चिंधी, टाका, बाहुली : तुम्हाला कुठे काय दिसलं?

दादर

शिंप्याकडे ब्लाऊज आणायला गेले की माझी नजर आधी जाते मशीनखालच्या गोणपाटाच्या पिशवीकडे. दिवसभराचं सगळं कातरण तिथे पडतं. आता तोच सांगतो, "ताई, तुमची चिंधी बाजूला काढलीय."

मागच्या आठवड्यात हिरव्या खणाच्या ब्लाऊजचा मुंढा कापून उरलेला तुकडा हाती लागला. वीतभरही नाही. एका बाजूला गोलाई, दुसरीकडे टोक. उलटा धरला तर थेट बाळाची कुंची! मग कुंचीसाठी बाळ करावं लागलं. उलटाच कारभार.

म्हणून विचारते: रोजच्या धबडग्यात तुम्हाला असं काय दिसलं, आणि सुईदोऱ्याने त्याचं काय केलंत? फसलं असेल तर आधी तेच सांगा. पॅटर्न उतरवून केलेल्या बाहुल्या सुबक होतात, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं. (माझं मत. भांडा.)

परळ

आमच्याकडे बाहुल्या नव्हत्या, गोधड्या होत्या. सासरे गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पगार बंद झाला तसं सासूबाईंनी चाळीतल्या बायकांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. जुनी लुगडी, धोतरं, थरावर थर, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. शेवटचा हातभर चौकोन राहिला की डोक्याला डोकं लागायचं. त्या म्हणायच्या, "जुनं कापड सुईला नडत नाही." खरंच आहे, धुऊन धुऊन खळ गेलेली असते, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते.

पुढे कितीतरी वर्षांनी त्यातलीच एक गोधडी उसवायला घेतली. वरचं लुगडं निघालं तर आत सासऱ्यांची खाकी पँट. मागचा खिसा काढून घेतलेला, पण त्या जागी कापड गडद, अगदी ठाणातून फाडल्यासारखं कोरं. बाकीची पँट विटलेली. तो कोरा चौकोन छातीवर येईल असा बेतून बाहुला शिवला. सासरे तेव्हा नव्हते. नातू विचारतो, संप कधी मिटला? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, एवढंच सांगते.

फसलं ते विरलेल्या कापडाने. कापूस ठासला आणि बाहुला काखेत टर्रकन फाटला. आता आतून मलमलचं अस्तर लावल्याशिवाय जुनं कापड शिवत नाही.

बोरिवली

माझं सगळं लोकलमध्ये सुचतं, दुसरीकडे वेळ कुठाय? आई तर लेडीज स्पेशलच्या पहिल्या पिढीतली. 1992 च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली सुरू झाली तेव्हापासूनची. डब्यात भाजी निवडणं, स्वेटर विणणं, डोहाळजेवण, सगळं झालंय तिचं. मी क्रोशा घेऊन बसते. सुई हातातून सुटली तर सापडते, लोकरीचा गुंडा सुटला की चार बाकांखालून फिरून कुणाच्या तरी चपलेला गुंडाळलेला मिळतो.

मी केली ती चौथी सीट. एका बाकावर चार बाहुल्या. तिघी ऐसपैस आणि चौथी अर्धी बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, पर्स मांडीवर. तिघींना मी चेहरे काढले नाहीत, कारण चौथ्या सीटवरून त्यांचे चेहरे दिसतच नाहीत, खांदे दिसतात. पण चौथी सारखी घसरून पडायची (वास्तववादी म्हणा!). बुडाशी वजन हवं म्हणून तांदूळ भरले. जुलैत चौथीच्या कमरेतून किडे चालत बाहेर आले. मग भुलेश्वरातून जाडे काचमणी आणले. आता बसते.

गोरेगाव

मला काही दिसतबिसत नाही. लेकीचा एक मोजा हरवतो, उरलेल्याचा ससा होतो. टाचेचा फुगा असतो ना, तिथे बूड छान बसतं. सात ससे झालेत. हरवलेल्या मोज्यांचं काय झालं ते वॉशिंग मशीनलाच ठाऊक.

वरळी कोळीवाडा

दुकानातली कोळीण बाहुली बघितली की मला हसू येतं आणि जरा रागही. गुळगुळीत साटीन, खांद्यावर पदर, डोक्यावर टोपली चिकटवलेली. अहो, माझी आजी लुगडं घट्ट कासोटा मारून गुडघ्यापर्यंत नेसायची, आणि वर पदर नाही, वेगळी फडकी. लुगडं मोठ्या फुलांचं किंवा चौकटीचं. साटीन नेसून मासळी विकून दाखवा.

मी आजीचीच बाहुली करायला घेतली तेव्हा कळलं की गंमत कपड्यात नाही, मानेत आहे. डोक्यावर पाटी असली की मान हलत नाही, फिरायचं तर कमरेतून फिरायचं. कापडी बाहुलीची मान नेमकी तिथेच लुळी पडते. कापूस दाबून पाहिला, दुहेरी शिवण घातली. शेवटी कुल्फीची काडी डोक्यातून पार छातीपर्यंत घातली. लुगडं शिवलेलं नाही, आठ इंची बाहुलीला मापाने नेसवलंय. चौथ्यांदा जमलं. आई बघून म्हणाली, "कासोटा सैल आहे. तुझ्या आजीने तुला चोप दिला असता." सोडून परत नेसवलं.

भायखळा

राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चं. तिथल्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, आणि पगड्यांचे कितीतरी प्रकार. लोक हत्ती बघायला गेले की मी पगड्या बघायचो. रिटायर झाल्यावर बायकोच्या साडीच्या काठाच्या पट्ट्या घेऊन बाहुल्यांच्या पगड्या करायला बसलो. सरळ कापलेली पट्टी डोक्यावर चुण्या पाडते, तिरक्या धाग्यात कापली की गोल बसते. हे मला पुरुषाला साठाव्या वर्षी कळलं. बायको म्हणते, तिला चौदाव्या वर्षीच माहीत होतं.

दादर

कोळीवाड्याच्या ताई, फडकीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मीही एकदा पदर काढला होता, लाज वाटली वाचून. आणि एक प्रश्न, पावसाळ्यात बाहुल्यांना बुरशी येते त्याचं काय करता? माझ्या दोघी काळवंडल्या.

मुलुंड

सरकी काढलेला साधा कापूस ओल धरतो. भरण्याआधी कडक उन्हात दोन दिवस घाला आणि जूनच्या आत भरा. किंवा सरळ सिंथेटिक फायबर घ्या, उशीवाल्याकडे मिळतं. सुया गंजतात त्यावर उपाय आईचा: अंगाच्या साबणाच्या कोरड्या वडीत खोचून ठेवायच्या, शिवायलाही सरसरतात.

परळ

दादरच्या ताई, ते सगळं राहू द्या. कुंचीतल्या बाळाचं तोंड काढलंत का?

दादर

दोनदा काढलं, दोनदा उसवलं. पहिलं शिंप्यासारखं दिसत होतं, दुसरं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. आता भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. कुंची तशी मागूनच छान दिसते.