अंगणवाडीतल्या मुलांच्या घरी फोनवरून अक्षरओळख: काय पाठवावं?

मेळघाटताई:
धारणी तालुक्यातली अंगणवाडी. ४ ते ६ वयाची १८ मुलं, घरची भाषा कोरकू. ९ घरांत स्मार्टफोन, ६ घरांत बटणांचा साधा फोन, ३ घरांत फोनच नाही. बऱ्याच आयांना वाचता येत नाही. व्हॉट्सॲप गटावर अक्षरगाण्यांचे व्हिडिओ जातात, घरोघरी उघडलेही जातात, पण मुलांच्या तोंडी काही येत नाही. घरी दहा मिनिटांत होईल असं काय पाठवू?

पाटीपेन्सिल:
ताई, आधी व्हिडिओ बंद करा. रेंज कमी असली की ते गोल गोल फिरत राहतात, आणि उतरले तरी मूल नुसतं बघत बसतं, आईशी बोलत नाही. फोन आईला सूचना द्यायला, मुलाच्या हातात पाटी नाहीतर राखेचं ताट.

४०-५० सेकंदांचा आवाजी मेसेज पाठवा. तो आपोआप उतरतो, डेटाही फार खात नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय घ्यायचं, काय विचारायचं, आणि मूल अडलं तर काय म्हणायचं. तिसरी नेहमी राहून जाते, मग आई उत्तर सांगून मोकळी होते. असं बोला: "मका, मासा, मीठ म्हणा. सुरुवातीला कोणता आवाज येतो, विचारा. मूल 'मका'च म्हणालं तर म्ऽऽमका असं लांबवून पुन्हा म्हणा."

सुरुवात अ-आ-इ पासून नको. म, स, र, न घ्या. हे आवाज ओढून म्हणता येतात. क, ट, प ओढता येत नाहीत, तिथे मूल गोंधळतं. या चार अक्षरांना काना जोडला की मान, मासा, मामा, नाना असे शब्द लगेच तयार होतात, आणि शब्द वाचता आला की मूल स्वतःहून पुढचं मागतं. नवं अक्षर आठवड्याला एक, फार तर दोन. मेसेज आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सातनंतर. दिवसा फोन वडिलांच्या खिशात असतो.

कुलामामा:
वरच्यात एक भर. मराठी तक्त्यावर 'व वाघाचा' असतो, पण चित्र बघून कोरकू मूल 'कुला' म्हणणार. ते चुकलेलं नाही, चित्र त्याने बरोबर ओळखलंय. आईने "नाही, वाघ" म्हटलं की ते गप्प होतं. म्हणून मेसेजमध्ये आधी कुला, मग "मराठीत वाघ", मग "वाघातला पहिला आवाज व". गोष्टी तर पूर्ण कोरकूतच गावातल्या एखाद्या आजीकडून रेकॉर्ड करून घ्या. दोन मिनिटं पुरे.

छापखाना:
अक्षराचं कार्ड फोनवर टाइप करू नका. बऱ्याच फोनवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. आपल्याकडे पाकळीचा 'ल' लिहितात, नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही तोच आहे. दोन वळणं समोर आली की मुलाला ती दोन अक्षरं वाटतात. कोऱ्या कागदावर जाड स्केचपेनने वीतभर अक्षर काढा, दारातल्या उजेडात फोटो घ्या. एका फोटोत एकच अक्षर.

साध्या फोनवर मराठी एसएमएसच्या नादी लागू नका. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरखुणांची मर्यादा (काना-मात्रा वेगळे मोजले जातात), काही फोनवर नुसते चौकोन दिसतात, शिवाय वाचणार कोण? कॉन्फरन्स कॉल करा. एका वेळी पाच घरं जोडता येतात, सहावं वेगळं. फोन नसलेली तीन घरं शेजारच्या स्मार्टफोनवाल्या घराशी जोडून द्या.

मेळघाटताई:
आभार. घरी खरंच केलं का, हे कसं कळणार? वहीचा फोटो मागवू?

पाटीपेन्सिल:
वहीचा नको, मोठी बहीण लिहून देते. मुलाच्याच आवाजातला दहा सेकंदांचा मेसेज मागवा: म ने सुरू होणाऱ्या दोन वस्तू, घरात दिसणाऱ्या. मागून कुजबुज आली तर ओळखायचं. आणि तो गटावर नाही, थेट तुमच्या नंबरवर. गटावर आला की दुसरी मुलं तीच नावं म्हणून पाठवतात.