मदत हवी आहे: राजापूरकडे स्पीच थेरपी

मुलगी दुसरीत, जिल्हा परिषदेची शाळा. 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' करते. काकी म्हणजे 'ताती', गाडी म्हणजे 'दाडी'. आता वहीतही तसंच लिहायला लागलीय, म्हणून काळजी. कानांची तपासणी झाली, नॉर्मल. टाळू, जीभही ठीक. (वेखंडाचा सल्ला घरोघरी मिळालाय, कृपया पुन्हा नको!) समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक शाळेत येतात, पण थेरपिस्टच लागेल म्हणतात. वांद्र्याला अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत एकदा दाखवून आणू, पण दर आठवड्याला मुंबई जमणार नाही. ऑनलाइन म्हणाल तर पावसात रेंजच नसते.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात थेरपी नियमित मिळते का, वार कोणते? शाळेच्या आरोग्य तपासणी पथकाची चिठ्ठी लागते की थेट गेलं तरी चालतं?