अनुभव धागा: लेखाखालची ती एक ओळ – पोटासाठी तुम्ही काय करता?

धागाकर्ता, टिळकवाडी (बेळगाव)

राजकीय मासिक हातात आलं की मी आधी लेख वाचत नाही, लेखाखालची तिरकी ओळ वाचतो. 'लेखक राज्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत.' पान उलटावं तर 'ज्येष्ठ पत्रकार'. पुढं 'निवृत्त प्राध्यापक'. मी बँकेतून निवृत्त झालोय. पीककर्ज आणि सोसायट्यांच्या राजकारणावर माझे चार-पाच लेख आले, खाली छापलं 'अर्थविषयक अभ्यासक'. ३१ वर्षं काउंटरवर बसलो ती कुठं गेली हो?

आपल्या सीमाभागातले (बेळगाव-निपाणीकडचे) बरेच जण पुण्या-मुंबईच्या अंकांत आणि इथल्या दिवाळी अंकांत राजकारणावर लिहितात. तुमचा मूळ धंदा काय आणि तो लिखाणात कुठून शिरतो, ते सांगा. नाव नको, गाव आणि काम पुरे. 'सीमाप्रश्न सुटेल का' हा धागा नव्हे, कृपया.

वकील, बेळगाव

शेवटच्या वाक्याला हरकत नोंदवून लिहितो. माझी वकिली दिवाणी, त्यातही जमिनीचे दावे. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, जवळ आला की संपादकांचा फोन येतो, 'जरा धारदार द्या.' माझ्याकडे धार नाही, कागद आहेत. सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. दोन राज्यं आणि केंद्र यांच्यातला वाद म्हणून कलम १३१ खाली तो थेट तिथंच गेला. राज्यांच्या हद्दी बदलणं हे कलम ३ प्रमाणे संसदेचं काम, मग कोर्टाला यात पडता येतं का, हा त्यातला कळीचा मुद्दा. मी तेवढ्यावरच लिहिलं. संपादक म्हणाले, 'यात वाचक कुठं आहे?' म्हटलं, वाचक २००४ पासून बाहेर बाकावर बसलाय. ते वाक्य त्यांनी चौकटीत छापलं आणि मूळ लेख निम्मा कापला.

दुसरा अनुभव वाईट. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालात महाराष्ट्राला काहीच नव्हतं असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. १९६७ च्या त्या अहवालानं बेळगाव म्हैसूरकडं (म्हणजे आताच्या कर्नाटकाकडं) ठेवलं हे खरंच, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला सांगितलं होतं आणि उलट बाजूनं जत, अक्कलकोट भागातली गावं म्हैसूरला. मी हे लिहिल्यावर गल्लीतल्याच एकानं विचारलं, 'वकीलसाहेब, तुम्ही नेमके कुणाचे वकील?' त्या वेळी वाटलं, प्राध्यापक असतो तर बरं झालं असतं. प्राध्यापकाला कुणी अशील विचारत नाही.

यंत्रमागवाला, वडगाव

माझी ओळ 'विणकर व कार्यकर्ते' अशी आली. कार्यकर्ता मी कधीच नव्हतो. पण नुसतं विणकर लिहिलं असतं तर माणूस राजकारणावर काय लिहिणार, असं त्यांना वाटलं असावं. लेख सुताच्या भावावर होता. सूत महागलं की साडीची मजुरी कुणाच्या खिशातून कमी होते, एवढंच. माग चालू असताना डोकं मोकळं असतं. कागद मात्र जवळ ठेवता येत नाही, तेल लागतं.

निवृत्त कनिष्ठ अभियंता, खानापूर

मला 'जलतज्ज्ञ' केलं. फोन करून सांगितलं, कनिष्ठ अभियंताच लिहा. तिकडून उत्तर, 'सर, ते बरं दिसत नाही.'

नोकरीत असताना लिहिणं शक्य नव्हतं. सरकारी नोकरानं सरकारी धोरणावर लिहायचं म्हणजे आपल्याच हातानं नोटीस मागवायची. निवृत्तीनंतर पहिला लेख कळसा-भांडुऱ्यावर. म्हादईचं पाणी कणकुंबीच्या बाजूनं मलप्रभेत वळवायची ही योजना. यावर गोव्यातही भाषणं होतात, हुबळीतही, पण टीएमसी हा शब्द सगळे घोषणेसारखा वापरतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २८३२ कोटी लिटर. २०१८ च्या निवाड्यात म्हादई पाणीवाटपाच्या लवादानं कर्नाटकला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी. ते टर्बाइनमधून जातं, संपत नाही. उरलं त्याच्यावर खरं भांडण. हा हिशेब मांडल्यावर दोन्ही बाजूंच्या मित्रांनी मला फितूर ठरवलं.

माझा दोष मला ठाऊक आहे. मी वाक्य लिहीत नाही, अंदाजपत्रक लिहितो. घरचे म्हणतात, वाचताना खाली सही-शिक्का शोधावासा वाटतो.

गृहिणी, येळ्ळूर

माझी ओळच नव्हती. माहेर हुक्केरीकडं, घरात मराठी, शाळा कन्नड. लग्न होऊन इकडं आल्यावर अर्धी गल्ली पहाणीचा उतारा (इकडचा सातबारा, कन्नडमधला) घेऊन दारात. नोटीस आली की 'वहिनी, काय लिवलंय बघा की.' शेत जाणार की राहणार, ते पहिल्यांदा मलाच कळायचं आणि मलाच सांगावं लागायचं. एकदा एका अंकासाठी इथल्या भूसंपादनावर लेख झाला. त्यातले सगळे कन्नड कागद मी मराठीत करून दिले होते. शेवटी आभार 'स्थानिक मित्रांचे'. पुढच्या खेपेला मीच लिहिलं आणि ओळीच्या जागी पाठवलं, 'कन्नड कागद वाचतात'. छापली तशीच!

विमा एजंट, निपाणी

आई विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांमागं, पण कारखान्यात तपासताना काही विड्या छाट म्हणून बाजूला काढत. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर सगळे शेतकऱ्यांच्या बाजूनं लिहितात, ते योग्यच, गोळीबारात माणसं गेली. पण तंबाखूचं राजकारण आमच्या घरात सुपातून यायचं, म्हणून मी वळणाऱ्या बायकांवर लिहिलं. संपादकांनी ३०० शब्द काढले. आईला सांगितलं तर म्हणाली, 'छाट व्हय? मग त्येचं पैसं दिलं का न्हाई?' मानधन पूर्ण आलं होतं, पण ते ३०० शब्द अजून त्यांच्याकडंच आहेत.

शिक्षक, गाव सांगत नाही

मी टोपणनावानं लिहितो. अनुदानित शाळा आहे, घर त्यावर चालतं. मराठी शाळांचा पट का घसरतोय यावर लिहिलं होतं. कर्नाटकच काय, आपलेच पुढारी स्वतःची नातवंडं कुठं घालतात, तेही त्यात होतं. महिन्याभरानं आमच्या मुख्याध्यापकांनी तो अंक स्टाफरूममध्ये आणला आणि मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, 'हा माणूस शिक्षक नसणार. शिक्षकाला एवढं शुद्ध लिहिता येत नाही.' सगळे हसले, मीही हसलो. नंतर त्यांनी तो अंक मलाच दिला, सूचनाफलकासाठी त्यातला एक परिच्छेद चांगल्या अक्षरात उतरवून द्यायला.

धागाकर्ता

गुरुजी, उतरवलात का?

शिक्षक

हो. एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक मुद्दाम ठेवली.