मदत हवी आहे : तोंडाच्या कॅन्सरच्या सर्जरीसाठी शहांच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती चालेल का?

नमस्कार मंडळी, मी एमएस जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठवाड्यात. आमच्या ओपीडीत तंबाखू-गुटख्यामुळे गालाच्या आतल्या भागाचा आणि हिरडीचा कॅन्सर झालेले पेशंट सतत येतात. पुढे याच विषयात काम करायचं मनाशी पक्कं केलंय.

लायब्ररीत डेव्हिटा (कॅन्सरवरचं मोठं पाठ्यपुस्तक) आहे. केमो, रेडिएशन, सर्जरी यांचा एकत्र विचार कसा करायचा हे त्यातून छान कळतं, पण मानेतल्या गाठी काढताना स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह (खांदा हलवणारी नस) कुठे शोधायची, कशी जपायची, यासाठी टप्प्याटप्प्याचे फोटो हवेत. म्हणून डॉ. जतिन शहांचं हेड अँड नेकचं (डोकं-मानेच्या कॅन्सर सर्जरीचं) पुस्तक घ्यायचं आहे. पाचव्या आवृत्तीची नवीन प्रत स्टायपेंडमध्ये बसत नाही. 2012 ची चौथी आवृत्ती जुन्या बाजारात परवडेल अशी मिळतेय.

अडचण स्टेजिंगची, म्हणजे कॅन्सर किती पुढे गेलाय हे ठरवण्याची. 2018 पासून लागू झालेल्या एजेसीसीच्या (स्टेजिंगचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था) नियमांच्या आठव्या आवृत्तीत तोंडातल्या गाठीच्या आकाराबरोबर तिची खोलीही धरतात. दोन सेंटिमीटरची गाठ 5 मिमीपेक्षा जास्त, 10 मिमीपर्यंत खोल गेली असेल तर ती टी1 (सर्वात लहान गाठीचा गट) राहत नाही, त्यापुढची टी2 होते. जुन्या पुस्तकात हे नाही. शस्त्रक्रियेचं तंत्र जुन्यातून आणि स्टेजिंग वेगळं नव्यातून वाचलं तर चालेल का? की थांबून पाचवीच घ्यावी? ज्यांनी दोन्ही आवृत्त्या वापरल्यात त्यांनी कृपया सांगावं. मुंबई-पुण्यात कुणी सीनियर पाचवी आवृत्ती विकणार असतील तर मेसेज करा.